लोंढा, ओझे आणि पऱ्हे

आमच्या भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. वैनगंगा जिल्ह्याच्या मधून वाहते, सूर, चुलबंद, बावनथडी तिला येऊन मिळतात आणि गावोगावी मामा तलाव व बोड्या आहेत. धान पिकवणाऱ्या मुलखात पाणी हा रोजच्या बोलण्याचा विषय असतो. म्हणून आमच्या बोलण्यात पाण्याचे शब्द जागोजागी येतात आणि ते कुठे वापरले जात आहेत याकडे आमचे लक्षही लवकर जाते. वर्तमानपत्रात ‘निर्वासितांचा लोंढा’ असे वाचले की आम्ही थबकतो. लोंढा म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. नदी पात्र सोडून वस्तीत शिरते तेव्हा जे गढूळ, वेगाने धावणारे, गुरे-कुंपणे घेऊन जाणारे पाणी असते, त्याला लोंढा म्हणतात. घर सोडून निघालेल्या माणसांना हे नाव कोणी दिले आणि ते इतके सहज कसे रुळले, हा प्रश्न आमच्या मनात बरीच वर्षे आहे.

लोंढा, ओघ, लाट, पूर हे शब्द केवळ निर्वासितांचा द्वेष करणारेच वापरतात असे नाही. मदतीचे आवाहन करणाऱ्या सज्जनांच्या पत्रकांतही तेच असतात. द्वेष करणारा लोंढा म्हणतो तेव्हा त्याला बांध घालायचा असतो. मदत करणारा लोंढा म्हणतो तेव्हा त्याला निकड पटवायची असते. हेतू दोन, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहणारे चित्र एकच. त्या चित्रात माणूस नसतो, पाणी असते.

आमचा जिल्हा या बाबतीत अगदी अनभिज्ञ नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला, त्यापूर्वीचा जुना भंडारा जिल्हा हा निर्वासितांना जागा देणारा जिल्हा होता. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे गोंदिया-तुमसरच्या बाजारपेठांत येऊन स्थिरावली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावे अर्जुनी मोरगाव तालुक्यात वसली. अरुणनगर, गौरनगर, पुष्पनगर ही नावेच सांगतात की ती झाडीपट्टीची जुनी गावे नाहीत. त्याच तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ साली तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. तिचे नाव नॉर्ग्येलिंग. बर्फाच्या देशातली माणसे आमच्या वैशाखात येऊन धान लावायला शिकली. जवळच प्रतापगड आहे. तिथे महाशिवरात्रीला यात्रा भरते आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाहही तिथेच आहे. लहानपणी घरच्यांबरोबर दर्गाहवर गेलो की वाटेत तिबेटी बायका दिसत. आमच्या अम्मी त्यांना ‘स्वेटरवाल्या’ म्हणत, कारण हिवाळ्यात त्या गावोगावी स्वेटर विकायला येत. आज विचार करताना वाटते, अम्मींच्या त्या साध्या शब्दात एक शहाणपण होते. त्यांनी त्या बायकांना त्यांच्या धंद्याने ओळखले. दुःखाने नाही आणि संख्येनेही नाही.

संख्येने ओळखण्याची सवय मोठ्या संकटात लागते. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. त्यांच्या खर्चासाठी सरकारने त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे केले. नवे तिकीट छापून होईपर्यंत कुटुंब नियोजनाच्या जुन्या तिकिटांवरच ‘शरणार्थी सहायता’ असे शब्द उमटवले गेले. घाईचे काम होते, त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण लहान कुटुंबाचा उपदेश करणाऱ्या चित्रावर निर्वासितांचे नाव छापले गेले, हा योगायोग आम्हाला बोलका वाटतो. निर्वासित आणि ‘फार झालेली माणसे’ या दोन कल्पना एकाच कागदावर आल्या. अर्थात हेही खरे की त्या पाच पैशांतून कोट्यवधी लोकांनी, ज्यांनी एकही निर्वासित पाहिला नव्हता त्यांनीसुद्धा, त्यांच्या भाकरीचा वाटा उचलला. मदतीची भाषा आणि मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषेची चिकित्सा करताना मदतीला कमी लेखू नये, एवढे भान आम्ही ठेवतो.

तरीही चिकित्सा करावी लागते, कारण उपमा नुसती शोभेची नसते, ती कामाला लागते. माणसांना पाणी म्हटले की पुढचे सगळे शब्द आपोआप पाण्याचे येतात. पाणी आले की ते अडवायचे, वळवायचे, त्याला वाट काढून द्यायची, पातळी मोजायची. पाण्याला कोणी विचारत नाही की बाबा, तू का आलास? पाणी उताराकडे जाते, त्याला कारण लागत नाही. इथेच या उपमेची खरी करामत आहे. ती घर सोडायला लावणाऱ्याला दृष्टीआड करते. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाईन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. जगभरच्या बातम्यांत ‘ओघ’ वाढल्याचे सांगितले जात होते. ओघ वाढला हे खरे, पण गावे कोणी जाळली? ‘ओघ’ या शब्दात गावे जाळणाऱ्या सैन्याला जागाच नाही. वाक्याचा कर्ता ओघ, क्रिया वाढणे. व्याकरण शुद्ध आणि गुन्हेगार मोकळा.

पाण्यापासून किड्यापर्यंतचे अंतर फार नसते. २०१५ साली ब्रिटनच्या पंतप्रधानांनी भूमध्य समुद्र ओलांडून येणाऱ्यांसाठी जो शब्द वापरला, तो मधमाश्या-टोळांच्या झुंडीचा होता. त्यावर टीका झाली. आपल्याकडे २०१८ साली एका जाहीर सभेत घुसखोरांना वाळवी म्हटले गेले. रुवांडात १९९४ च्या हत्याकांडाआधी आणि ते चालू असताना तुत्सींना झुरळे म्हटले जात होते, हे तर जगजाहीर आहे. लोंढा म्हणणारा प्रत्येक जण तिथवर जातो असे आम्ही म्हणत नाही. पण माणसाचा चेहरा एकदा पुसला की त्या जागी कोणता चेहरा काढायचा, हे पुढच्याच्या हाती जाते.

आम्हाला या विषयाची खरी ओळख मात्र परदेशातल्या बातम्यांनी करून दिली नाही. ती आमच्या खालाने करून दिली. खालाचे सासर वैनगंगेकाठी. गोसेखुर्द प्रकल्पाला १९८३ साली मंजुरी मिळाली तेव्हा त्याचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि खर्च हजारो कोटींवर गेला. पवनी तालुक्यात नदीवर तेहतीस दरवाज्यांचे धरण उभे राहिले आणि वरच्या अंगाची गावे पाण्याखाली जाऊ लागली. त्यांत खालाचे गाव होते. गावात मुसलमानांची घरे मोजकीच, एक छोटी मशीद आणि नदीकडे उतरणारे कब्रस्तान.

देश सोडावा लागला नाही म्हणून खालाला कोणी निर्वासित म्हणणार नाही. कायद्याच्या भाषेत ती ‘प्रकल्पबाधित व्यक्ती’. बोलीत ‘प्रकल्पग्रस्त’ किंवा ‘धरणग्रस्त’. तिची जमीन ‘बुडीत क्षेत्रात’. तिला मिळाले ते ‘पॅकेज’. हे शब्द आम्ही एकेक करून पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले की सरकारी कागद वाटतो तितका रुक्ष नसतो, तोही उपमांनी भरलेला असतो. ग्रस्त म्हणजे गिळलेला. ग्रहणात चंद्र ग्रस्त होतो. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, दंगलग्रस्त, प्रकल्पग्रस्त, या सगळ्यांना कोणीतरी गिळले आहे. पण ग्रहण काही वेळाने सुटते. खालाचे ग्रहण कधी सुटले, हे कुठल्या पंचांगात लिहिलेले नाही. बाधित हा शब्द विषबाधेला वापरतात आणि भूतबाधेलाही. बुडीत म्हणजे पाण्याखाली गेलेले, आणि बुडीत म्हणजे वसूल होणार नाही असे कर्ज. पॅकेज म्हणजे दोरीने बांधलेले पुडके, जे दिले की दुकानदाराचा आणि गिऱ्हाइकाचा संबंध संपतो. २०१३ साली गोसेखुर्दच्या प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे बाराशे कोटींचे विशेष पॅकेज जाहीर झाले तेव्हा अनेक घरांत पैसे आले, हे आम्ही पाहिले. मोटारसायकली आल्या, लग्ने झाली, काहींनी जमिनी घेतल्या. त्याबरोबर ‘आता तुमचा हिशेब संपला’ हा भावही आला.

एकदा नातेवाइकांत कोणीतरी सहज म्हणाले, ‘खाला का गाँव डूब गया.’ खाला तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘बेटा, गाँव डूबा. हम डूबे नहीं, हम उठ के आए.’

झाडीपट्टीत ‘गाव उठला’ असेच म्हणतात. धरणासाठी, वाघासाठी, खाणीसाठी जागा सोडावी लागलेल्या गावाला लोक स्वतः बुडालेले म्हणत नाहीत, उठलेले म्हणतात. बुडणे हे वस्तूचे होते, उठणे हे माणूस करतो. उठणाऱ्याला पाय असतात, तो सामान बांधतो, बैल सोडतो, दाराची चौकट उपटून बरोबर घेतो. खालाच्या एका वाक्याने आम्हाला जे शिकवले, ते त्यापूर्वी कुठल्याही पुस्तकाने शिकवले नव्हते. ज्यांच्याविषयी आपण बोलतो, त्यांनी स्वतःसाठी आधीच एक शब्द केलेला असतो. आपण तो विचारायला जात नाही, एवढेच.

न उठलेले फक्त कब्रस्तान. नव्या गावठाणात नागरी सुविधांच्या यादीप्रमाणे रस्ता, नळ, शाळा आणि दफनभूमीची जागाही मिळते. पण ती पुढच्या मयतांसाठी. आधीचे तिथेच राहिले. खालू त्यांतच आहेत. शब-ए-बरातला खाला नातवाला घेऊन पाण्याच्या कडेला जाते, अंदाजाने एका बाजूला तोंड करून फातेहा पढते आणि परत येते. एका कार्यालयात तिच्या कागदपत्रांसाठी आम्ही गेलो असता तिथल्या बाबूंनी सौजन्यानेच विचारले, ‘या बाई बुडितातल्या का?’ त्या विचारण्यात तुच्छता नव्हती. ते त्यांचे रोजचे वर्गीकरण होते. खालाने ‘हो’ म्हटले, कारण तिला दाखला हवा होता.

ही दाखल्याची गोष्ट नीट सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे फार सोपे होऊन जाईल. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द बोचरा आहे म्हणून तो टाकून द्या, असे आम्ही म्हणू शकत नाही. त्या शब्दाला हक्क चिकटलेले आहेत. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. खालाचा नातू त्या प्रमाणपत्राची घडी जपून ठेवतो. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासून, कोयनेच्या धरणग्रस्तांपासून, कितीतरी माणसांनी लढून या शब्दाला कायद्याचे वजन मिळवून दिले आहे. त्यासाठीच १९७६, १९८६ आणि १९९९ साली राज्याला पुनर्वसनाचे कायदे करावे लागले. निर्वासित या शब्दाचेही तसेच. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात त्याची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येत बसणाऱ्याला परत संकटात ढकलता येत नाही. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. आपल्याकडे परकीय नागरिकांचा १९४६ चा कायदा होता, त्याच्या जागी २०२५ साली नवा आला, पण निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे इथे कोणाला निर्वासित म्हणावे आणि कोणाला घुसखोर, हे बरेचसे बोलणाऱ्याच्या मनावर राहते. जिथे कायद्याचा शब्द नसतो, तिथे उपमाच कायद्याचे काम करू लागते. ही गोष्ट आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

आता मदत मागणाऱ्यांच्या बाजूने थोडे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला. वर मध्य प्रदेशात जोरदार पाऊस आणि संजय सरोवराच्या धरणातून सोडलेले पाणी. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. कोरोनाचे दिवस, लोकांच्या हातात आधीच काम नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या तरुणांनी मदत गोळा करायचे ठरवले आणि आवाहन लिहायला आम्हाला बसवले. कोषाध्यक्ष असलेले चाचा म्हणाले, ‘मास्टर, रडवणारे लिहा. आणि बरोबर एक फोटो टाकू. फोटोशिवाय पैसा येत नाही.’ चाचांचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्यांनी वर्षानुवर्षे फितरा, जकात, कुर्बानीची कातडी गोळा केली आहेत, माणसाचा हात खिशात कशाने जातो हे त्यांना कळते. २०१५ साली तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पडलेल्या एका सीरियन बालकाच्या छायाचित्राने सगळ्या जगाला हलवले होते. आकड्यांनी जे झाले नव्हते ते एका चित्राने झाले.

तरुण एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे फोटो काढायला गेले. घरात गुडघाभर चिखल. एकाने म्हटले, ‘आपा, त्या गाठोड्यापाशी बसा, चेहरा जरा उदास असू द्या.’ आपा म्हणाल्या, ‘माझा कशाला काढतोस? माझी मशीन बघ, पायडलपर्यंत गाळ भरलाय. तिचा काढ. मी बसलेली काय कामाची? ती चालली की मी चालते.’

तसेच केले. आवाहनात लोंढा, थैमान, होत्याचे नव्हते हे शब्द आले नाहीत. शिलाई मशीन बंद, दोन हातगाड्या वाहून गेल्या, एका इलेक्ट्रिशियनची अवजारांची पेटी गेली, मुलांची पुस्तके भिजली, अशी यादी दिली. पैसे बेताचेच आले, चाचांचा अंदाज अगदीच खोटा ठरला असे म्हणता येणार नाही. पण एक वेगळी गोष्ट घडली. तुमसरहून मशीन दुरुस्त करणारा एक कारागीर स्वतः आला आणि दोन दिवस राहून मोहल्ल्यातल्या सगळ्या मशीन साफ करून गेला. ‘पूरग्रस्तांना मदत करा’ एवढेच वाचले असते तर त्याने पन्नास रुपये दिले असते. ‘मशीनमध्ये गाळ आहे’ हे वाचून त्याला आपले काम दिसले. दयेची उपमा देणाऱ्याला दाता बनवते, आणि नेमका शब्द त्याला सोबती बनवतो, असे आम्हाला तेव्हापासून वाटते.

पुराच्या त्या दिवसांत आणखी एक विसंगती दिसली. पाण्याने ज्यांना हाकलले, त्यांनाच बातमीत पाणी म्हटले होते. शाळांच्या इमारतींत ‘लोकांचा ओघ’ सुरू असल्याची बातमी होती. ओघ तर बाहेर होता. आत आली होती ती ओल्या कपड्यांतली माणसे. ओझे या शब्दाचेही असेच आहे. निर्वासितांचे ओझे, शहरावरचा बोजा, यंत्रणेवरचा भार. प्रत्यक्षात डोक्यावर ओझे असते ते चालणाऱ्याच्याच. बोजा ही उपमा तराजूच्या एकाच पारड्याकडे पाहते. आलेला माणूस उद्या काय पेरेल, काय शिवेल, काय बांधेल, ते दुसऱ्या पारड्यात येतच नाही. आमच्या जिल्ह्यातले तलाव हा याचा जुना दाखला. इथले बरेचसे जुने तलाव कोहळी समाजाने बांधले आणि परंपरा सांगते की गोंड राजांच्या काळात ते बनारसकडून इथे आले. बाहेरून आलेले लोक इथे पाणी होऊन आले नाहीत, ते पाणी साठवणारे होऊन आले.

मात्र या उलट दिशेलाही एक खड्डा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या एका गाजलेल्या भित्तिपत्रकावर आइन्स्टाइनचे चित्र होते. निर्वासित केवळ गाठोडे घेऊन येत नाही, आइन्स्टाइनही निर्वासितच होता, असा त्याचा भाव. कल्पना चांगली. पण मग ज्याच्या गाठोड्यात सापेक्षतावाद नाही, फक्त दोन पातेली आहेत, त्याचे काय? जागा मिळवण्यासाठी हिरा असावे लागते, असे ठरले तर दगडांनी कुठे जावे? १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून मुंब्र्याला राहायला गेलेल्या कुटुंबांत फार थोडे विद्वान होते. होते ते टेलर, ड्रायव्हर, फेरीवाले, गृहिणी. त्यांना सुरक्षित छप्पर मिळावे याला दुसरे कारण लागू नये.

आपल्या परंपरेत या प्रश्नाकडे पाहण्याची एक वेगळी रीत आहे आणि ती सांगताना आम्हाला अभिमानाबरोबर थोडी लाजही वाटते. आपले सनच मुळी एका स्थलांतरापासून सुरू होते. इ. स. ६२२ मध्ये मक्का सोडून मदिनेला गेलेल्यांना मुहाजिर म्हटले गेले, म्हणजे हिजरत करणारे. शब्दात क्रिया आहे आणि ती करणारा माणूस आहे. त्यांना घेणाऱ्यांना अन्सार म्हटले, म्हणजे साथ देणारे. प्रेषितांनी एकेका मुहाजिराचे एकेका अन्साराशी भाऊपण जोडून दिले. इथे उपमा पाण्याची नाही, ओझ्याचीही नाही, नात्याची आहे. त्याआधी काही जण हबशाच्या देशात, नजाशी राजाच्या आश्रयाला गेले होते. मक्केचे लोक त्यांना परत मागायला आले, तेव्हा राजाने निर्वासितांनाच बोलावून विचारले आणि जाफर बिन अबी तालिब यांनी आपली बाजू स्वतः मांडली. ‘मूकांचा आवाज’ व्हायला तिथे कोणी मध्यस्थ नव्हता. ते मूक नव्हतेच, त्यांना फक्त दरबारात बोलू दिले गेले. आणि जकातीच्या आठ हक्कदारांत एक आहे इब्नुस्सबील, म्हणजे शब्दशः वाटेचा मुलगा. ज्याचे घर मागे राहिले आहे त्याला वाटेचे मूल म्हणायचे आणि त्याचा वाटा भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून बाजूला काढायचा, यापेक्षा नेमकी भाषा आम्ही पाहिलेली नाही.

लाज यासाठी की हे शब्द आपल्या तोंडी असूनही आपण ते वापरत नाही. १८५७ नंतर उत्तरेतून मालेगाव, भिवंडी, कामठीकडे आलेल्या विणकर कुटुंबांपैकी अनेक जण आज अन्सारी म्हणवतात. आलेल्यांनी यजमानांचे नाव घेतले, ही फार सुंदर गोष्ट आहे. मग कामाच्या शोधात बिहार-बंगालमधून आलेला मजूर आपल्या मोहल्ल्यात खोली मागतो तेव्हा आपणही ‘हे बाहेरचे लोंढे’ असे का म्हणतो? आणि चांगला शब्दही आपोआप चांगला राहत नाही. १९४७ नंतर कराचीत गेलेल्यांना मुहाजिर हे नाव मिळाले, ते त्यांच्या नातवंडांनाही सुटले नाही. १९८४ साली त्याच नावाचा पक्ष निघाला आणि पुढे त्या शहरात खूप रक्त सांडले. जी वाट चालून संपली होती, तिचे नाव जातीसारखे अंगाला चिकटले. आपल्याकडच्या ‘कॅम्प’चे तसेच झाले. छावणी म्हणजे चार दिवसांचा मुक्काम. पण उल्हासनगरचे भाग आजही कॅम्पच्या क्रमांकाने ओळखले जातात आणि चंद्रपुरात बंगाली कॅम्प आहेच. तिथे जन्मलेला, तिथेच म्हातारा झालेला माणूसही पत्ता सांगताना कॅम्प म्हणतो.

निर्वासितांविषयी बोलताना आणखी एक उपमा नेहमी येते. मुळासकट उपटलेले झाड. तीत कळवळा आहे, पण ती ऐकणाऱ्याला सांगते की आता हे सुकणार, यावर काही उपाय नाही. आमच्या धानाच्या मुलखात उपटण्याचा दुसरा अर्थ आहे. इथे पऱ्हे उपटल्याशिवाय रोवणा होत नाही. एका जागी दाट वाढवलेली कोवळी रोपे उपटतात, पेंढ्या बांधतात, दुसऱ्या बांधीत नेऊन रोवतात आणि धान तिथेच पिकते. खालाचा मोठा मुलगा शेती करतो. त्याला आम्ही हे उत्साहाने सांगितले. तो हसला. म्हणाला, ‘भाईजान, साहेब लोकही आम्हाला हेच सांगत होते, नव्या जागी मूळ धराल म्हणून. पण पऱ्हे उपटायच्या आधी बांधीत चिखल करावा लागतो. पाणी साठवून ठेवावे लागते. आधी उपटून ठेवले आणि चिखल मागून केला, तर पऱ्हे पेंढीतच पिवळे पडतात. आणि वय झालेले पऱ्हे लावले तर फुटवे येत नाहीत.’

त्याच्या बोलण्यानंतर आम्ही त्या उपमेचे कौतुक करणे सोडले आणि तिचा हिशेब मांडू लागलो. चिखल आधी झाला होता का? नव्या गावठाणात माणसे येण्यापूर्वी नळाला पाणी होते का, शाळा उघडली होती का, जमिनीचा तुकडा हाती आला होता का? नॉर्ग्येलिंगच्या तिबेट्यांना कसायला जमीन मिळाली, मुलांना शिक्षण मिळाले, म्हणून अर्ध्या शतकानंतर तिथे धान आहे आणि त्यांची भाषाही आहे. रोहिंग्यांच्या छावण्यांत बांबू आणि ताडपत्रीपलीकडे पक्के काही बांधायला वर्षानुवर्षे परवानगी नव्हती. तिथे पेंढी बांधून ठेवली आहे, बांधी कोणी दिली नाही. कोणतीही उपमा घ्या, लोंढ्याची घ्या की रोवण्याची, तिला हे विचारता आले पाहिजे की यात कामे कोणाची आहेत आणि ती झाली का. जी उपमा या प्रश्नाला जागा देते ती ठेवावी. जी फक्त डोळे ओले करते किंवा फक्त घाबरवते, ती खाली ठेवावी.

आपल्यापैकी अनेक जण लिहितात. कोणी कथा लिहितो, कोणी मोहल्ला कमिटीचे पत्रक, कोणी मोबाईलवर चार ओळी. दंगल, पूर, धरण, युद्ध यांच्या बातम्या येत राहतील आणि त्यांच्यावर लिहावे लागेल. लिहिण्याआधी त्या माणसांपैकी एकाला तरी विचारावे की तुम्ही याला काय म्हणता. खालाच्या गावासाठी सरकारी नोंदीत ‘बुडीत’ हा शब्द राहील, त्याला आमचा इलाज नाही. तिच्या नातवाच्या प्रमाणपत्रावर ‘प्रकल्पग्रस्त’ राहील आणि नोकरी लागेपर्यंत ते राहिलेच पाहिजे. पण आमच्या घरात आता ते गाव उठलेले गाव आहे. मुले विचारतात, कुठून उठले, कोणी उठवले, कुठे गेले. तीनही प्रश्नांची उत्तरे आम्ही नावानिशी, तारखेनिशी देतो.